आमची गल्ली: लक्ष कुठं संपतं, पाळत कुठं सुरू होते?

(युवा मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजक म्हणाले होते, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, करिअरवर बोला. करिअरवर बोलणारे पुष्कळ भेटतील. मी माझ्या गल्लीवर बोलणार आहे. इथं बसलेले बरेच जण अशाच एखाद्या गल्लीतून आलेत. कुणी कराडच्या, कुणी मिरजेच्या, कुणी विट्याच्या.

आमची गल्ली कराडच्या जुन्या पेठेत आहे. गच्चीवर गेलं की आदिलशाही काळातल्या मशिदीचे दोन उंच मनोरे दिसतात. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम चालत जाण्याइतका जवळ. घरं पंचवीस-तीस. आडनावावरून जुना धंदा कळतो: बागवान, आतार, मणेर, शिकलगार, नदाफ. आता बागवानांचा मुलगा बँकेत आहे आणि शिकलगारांची मुलगी नर्स. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी.

अशा गल्लीत माणूस एकटा नसतो. मी नऊ वर्षांचा असताना, पावसाळ्यात, दोघा मित्रांबरोबर नदीवर पूर बघायला निघालो होतो. कोयना धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडं नदी फुगते, हे तुम्हाला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या खालांनी खिडकीतून विचारलं, "क्या रे, किधर चला?" उत्तर द्यायच्या आत त्या खाली आल्या आणि कानाला धरून मला घरी घेऊन गेल्या. दादी सांगायची, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा गल्लीतली सगळी माणसं अंधारात बाहेर धावली आणि घराघरांतली डोकी मोजली. कुणाच्या घरात किती माणसं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी कराडच्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो आणि नोकरीसाठी पुण्याला गेलो. भाड्यानं फ्लॅट शोधताना फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की "आत्ताच दुसऱ्यांना दिला." असं चार वेळा झालं. शेवटी कोंढव्यात जागा मिळाली. त्या दिवसांत मला आमची गल्ली स्वर्ग वाटायची. मित्रांना मी सांगायचो, तिथं कुणी नाव विचारत नाही, कारण सगळ्यांना नाव माहीत असतं.

हे मी एकदा माझ्या बहिणीसमोर बोललो. ती म्हणाली, "भाईजान, ती गल्ली तुझी. माझी वेगळी होती."

तिची गल्ली कशी होती, ते सांगतो. बारावीनंतर तिला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. एक दिवस ती एसटी स्टँडवर वर्गातल्या एका मुलाशी प्रवेशाच्या फॉर्मबद्दल बोलत उभी होती. खालांनी पाहिलं. ह्याच खाला, ज्यांनी मला नदीवरून वाचवलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट अब्बांकडं पोचली. अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गल्लीत राहायचंय आपल्याला." सांगली रद्द झाली. गावातल्या कॉलेजात तिनं बी.कॉम. केलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत होतो. पुढं कित्येक वर्षांनी ती मला म्हणाली, "खालांचा राग नाही आला मला. तू गप्प बसलास, त्याचा आला."

मराठीत दोन शब्द आहेत. लक्ष असणं आणि पाळत ठेवणं. आमच्या गल्लीत दोन्ही एकाच खिडकीतून चालायचं. मुलग्यांच्या वाट्याला पहिलं जास्त आलं, मुलींच्या वाट्याला दुसरं.

आता ती खिडकी मोबाइलमध्ये आली आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करायला कराडला आलो आणि गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. भाजी कुठं मिळते, कुणाला औषध हवं, पाणी कधी येणार, मयत झाली तर किती जणांनी जायचं, सगळं त्यावर. त्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं, तेव्हा घंटागाडीवाल्यांचं कौतुकही त्याच ग्रुपवर झालं. शेजारच्या एका चाचांनी त्या काळात रात्री दोन वाजता कुणासाठी तरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला. ग्रुपनं माणसं वाचवली, असं मी आजही म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच ग्रुपवर एक फोटो आला. गल्लीतली एक मुलगी, एका मुलाच्या मागं स्कूटरवर बसलेली. खाली प्रश्न: "ये किसकी है?" मी पाहीपर्यंत चौदा मिनिटं झाली होती आणि तिच्या वडलांचं नाव येऊन गेलं होतं. मी फोटो काढून टाकला.

लगेच त्याच चाचांचा फोन आला. "पुण्यात राहून बदललास तू. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर धावत कोण जाणार? तुझा कॉम्प्युटर?"

मित्रांनो, मैत्रिणींनो, ह्या प्रश्नात खोट नव्हती. धावत चाचाच गेले असते. मी त्यांना चहाला बोलावलं आणि एवढंच विचारलं, "तिची काळजी होती, तर तिला विचारलं का? तिच्या अम्मीला? ग्रुपवरच्या एकतीस जणांना का विचारलं?" आणि दुसरं, "आपली पोरं रात्री बारापर्यंत नाक्यावर बसतात. त्यांचा फोटो आजवर कुणी टाकला?" चाचा रागावले. दोन महिने ग्रुपमधून बाहेर होते. मग पाण्याची वेळ कळेना म्हणून परत आले. त्यांचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. पण फोटो पुन्हा आला नाही.

त्या एकतीस जणांत एकही बाई नव्हती. ग्रुप मीच काढला होता, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग अम्मी, खाला, मुली, सगळ्यांचे नंबर घातले. पहिल्याच आठवड्यात एका कॉलेजच्या मुलीचा मेसेज आला: कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा तीन महिने बंद आहे, क्लासवरून येताना अंधार असतो. आम्ही पुरुष रोज त्याच खांबाखाली उभे असायचो. आमच्यापैकी कुणी तक्रारच केली नव्हती. कळवल्यावर दिवा लागला.

फोटोतली मुलगी मात्र महिनाभर घराबाहेर पडली नाही. तो मुलगा तिचा मावसभाऊ होता. पण मावसभाऊ नसता तरी काय, हे विचारायची हिंमत त्या दिवशी माझ्यातही नव्हती. आज विचारतो आहे.

शहरं आपल्याला घर नाकारतात, म्हणून आपण गल्लीत परत येतो. तसं असेल तर आपल्या बहिणींना कुठं परत जायचं, हे आपण बघायला हवं. मी तुम्हाला गल्ली सोडा म्हणत नाही. एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर तुमच्या गल्लीच्या ग्रुपमध्ये बायका किती आहेत ते मोजा. आणि कुणाबद्दल बोलायची वेळ आली, तर आधी त्या माणसाशी बोला. तेही बाहेरच्या खोलीत बसून नाही, आत जाऊन.