संगणकाचा गंधार

विषय जाहीर झाला होता ‘नोटेशन सॉफ्टवेअरवर बार्बरशॉप गाण्याची मांडणी’. दिल्लीतल्या त्या मराठी सभागृहात वक्त्यांनी सुरुवात केली ती तंबोऱ्यापासून.

खर्जाची तार छेडली की कुणी न लावलेला गंधार तिच्यातून उमटतो. इथे बसलेल्यांना हे सांगायला नको, म्हणत वक्ते पुढे सरकले. तो गंधार तारेचा पाचवा उपस्वर. सातवा उपस्वर म्हणजे कोमल निषाद, पण पेटीवरच्या निषादाहून 31 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या 31 शतांशांनी, उतरलेला. बार्बरशॉपचे चार गळे नेमका याच निषादावर जीव टाकतात. साथीला वाद्य नसते. चाल ‘लीड’कडे, म्हणजे वरून दुसऱ्या आवाजाकडे, ‘टेनर’ तिच्या वर, ‘बास’ तळाशी, आणि उरलेला स्वर सांभाळायला ‘बॅरिटोन’. चौघे जुळले की कुणीही न गायलेला उंच स्वर कानावर येतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात रुजलेल्या या प्रकारासाठी 11 एप्रिल 1938 रोजी तुल्सा शहरात ओवेन कॅश आणि रूपर्ट हॉल यांनी गायक जमवले. त्यातूनच आजची बार्बरशॉप हार्मनी सोसायटी उभी राहिली.

1938 म्हटल्यावर वक्ते दिल्लीत आले आणि तिथेच रमले. त्या वर्षी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स. पेटी भारतीय गाण्याला मारक आहे, असा लेख त्यांनी त्याच साली लिहिला. 1939 मध्ये ते कोलकात्यात वारले. 1940 मध्ये नभोवाणीचे नियंत्रक लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. पुढे 1952 ते 1962 नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बाळकृष्ण केसकरांनीही ती उठवली नाही. सैल झाली ती 1971 मध्ये.

पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचे नाव आदराने घेणाऱ्या श्रोत्यांत चुळबुळ सुरू झाली. ‘‘मग नाट्यपदं काय शिट्टीवर म्हणायची?’’ मागून आवाज आला आणि सभागृह हसले. वक्ते हसले नाहीत. पेटी आपल्यालाही प्रिय आहे, तक्रार सप्तकाच्या बारा समान तुकड्यांबद्दल आहे, असे त्यांनी कळवळून सांगितले. विद्याधर ओकांच्या बावीस श्रुतींच्या पेटीची आठवण एका श्रोत्याने करून दिली, तेव्हा तर ते खुर्ची सोडून पुढे आले: नेमके तेच काम संगणकावर व्हायला हवे!

एवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली.

मग सॉफ्टवेअर धावतपळत आले. दोन स्टाफ घ्यायचे. वरच्यावर टेनर आणि लीड, खाली आठचा आकडा असलेल्या ट्रेबल क्लेफमध्ये. खालच्यावर बॅरिटोन आणि बास. प्रत्येक स्टाफवर दोन्ही आवाजांच्या स्वरांच्या दांड्या उलट दिशांना. चाल सर्वांत वर ठेवायची सवय इथे मोडावी लागते. म्यूझस्कोर या सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर सेंटच्या मापाने हलवता येतो: सी-सेव्हन्थ कॉर्डमध्ये ई 14 सेंट खाली, जी 2 वर, बी-फ्लॅट 31 खाली. फिनाले हे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्यांनी घाईघाईत बजावले की 2024 मध्ये कंपनीने ते बंद केले आहे, जुन्या फायली म्यूझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवा.

शेवटचा प्रश्न रास्त होता: चांगले गायक कानाने जुळवतातच, मग संगणकाशी एवढी झटापट कशाला? वक्ते म्हणाले, गायकांच्या आधी कॉर्ड ऐकतो तो मांडणी करणारा. यंत्राच्या सुरात ती किरकिरी वाटली की तो ती खोडून सोपी लिहितो, आणि चौघांच्या हाती पडतो तो खोडलेला कागद. पुरावा म्हणून त्यांनी लॅपटॉपवर एकच कॉर्ड दोनदा वाजवली, आधी यंत्राची, मग हलवलेल्या स्वरांची. पेटीची बाजू घेणाऱ्या गृहस्थांनी दुसरी पुन्हा ऐकवायला सांगितली.