आधी कार्ड, मग कप्पा



"तू नक्की करतेस तरी काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. डेटाबेस सांभाळते, म्हणजे बरीचशी झाडलोटच.

ग्रंथालयातले कार्डांचे खण आठवा. समजा, एक फाटकं पुस्तक रद्द झालं आणि कपाटातली त्याची जागा नव्या पुस्तकाला दिली, पण जुनं कार्ड खणातच राहिलं. त्या कार्डावरचा क्रमांक बघून गेलेल्या मुलाच्या हातात भलतंच पुस्तक येणार. बँकेत असं झालं तर भलत्याच माणसाची शिल्लक दिसेल. आणि कुठे लाल दिवाही लागणार नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आम्ही पोस्टग्रेस वापरतो. त्यात नोंद पुसली तरी लगेच जात नाही. बदलली तरी जुनी आवृत्ती मागे राहते, कारण त्या क्षणी कोणीतरी जुनं चित्र धरून वाचत असू शकतं. असा शेवटचा वाचक उठला, की 'व्हॅक्यूम' तिथे झाडू मारू शकतो. हो, नाव खरंच तेच! तो आधी इंडेक्समधल्या, म्हणजे सूचीतल्या, मेलेल्या नोंदी काढतो आणि मगच मूळ टेबलातली जागा मोकळी करतो. हा क्रम उलटा करून चालत नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या प्रतीची. मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल दुसरीकडे चालू असते, अहवाल तिच्यावर काढतात. इथली साफसफाई लॉगमधून तिथे पोचते, पण तिथे कोण काय वाचतंय हे मुख्य सर्व्हरला ठाऊक नसतं. मूळ सेटिंगप्रमाणे नक्कल वाचकासाठी जास्तीत जास्त 30 सेकंद थांबते, मग त्याची क्वेरी सरळ रद्द करते. तासभर चाललेला पगाराचा अहवाल शेवटच्या टप्प्यावर तुटतो, आणि मग हिशेबखात्याचा फोन येतो.

'हॉट स्टँडबाय फीडबॅक' चालू केलं, तर नक्कल मुख्य सर्व्हरला कळवते, "थांब, इथे अजून वाचताहेत." अहवाल पुरा होतो. पण कोणी क्वेरी उघडी टाकून घरी गेलं, तर मुख्य सर्व्हरवर कचरा साचतो, सूची फुगते, सगळ्यांचंच काम मंदावतं. पुष्कळ जण हे फुकटचं औषध समजतात. मी ते देत नाही. मोठ्या अहवालांसाठी वेगळी नक्कल ठेवते आणि तिची थांबायची मुदत वाढवते. ती तासभर मागे राहिली तरी बिघडत नाही, गेल्या महिन्याचा पगार तासाभरात बदलत नसतो! ताजी माहिती हवी असणाऱ्यांसाठी दुसरी आहेच, 30 सेकंदांवाली.

पानं मांडलेली दिसताहेत. उरलेल्या शंका जेवताना विचारा.