सातचा भोंगा



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात वडिलांची नोकरी गेली आणि माझी शाळाही सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून. तेव्हा मुलांच्या मोबाईलच्या व्यसनावर मी मानसशास्त्राचे प्रवचन करणार नाही. चळवळीत जे शिकलो, तेच या प्रश्नाला लावून पाहणार आहे.

प्रथम एक कबुली देतो. माझा धाकटा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. एकदा रात्री दोन वाजता मला त्याच्या पांघरुणाखाली उजेड दिसला. मी फोन हिसकावून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला. तीन दिवस घरात अबोला होता. चौथ्या दिवशी कळले की, स्वारी मित्राच्या जुन्या फोनवर तेच करीत होती. मी भडकलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मालकाशी तुम्ही वाटाघाटी करता आणि मला मात्र हुकूम सोडता." जी गोष्ट मी तीस वर्षे मालकांना ऐकवली, तीच माझ्या पदरात पडली. आणि त्या क्षणी माझ्या हातात काय होते? माझा स्वतःचा फोन!

कामगाराला दोष देण्याआधी यंत्र समजावून घ्यावे, हा आमच्या चळवळीतला पहिला धडा. हे यंत्र कसे चालते? पुस्तकाचे पान संपते, नाटकाचा पडदा पडतो. फोनवरची पाने मात्र सरतच नाहीत. बोटाने वर सारावे तसे खालून नवे येत राहते. ही युक्ती 2006 साली एझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने काढली आणि पुढे त्याला स्वतःलाच तिचा पश्चात्ताप झाला. दुसरी युक्ती याहून जुनी आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळे, कधी न मिळे, अशी व्यवस्था केली, तेव्हा कबुतरे अधिकच चिकाटीने चोच मारीत राहिली. आपली मुले क्षणाक्षणाला फोन उघडून पाहतात, ती याच आशेने. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी 2017 साली उघडपणे सांगितले की, माणसाचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खेचून घ्यावे, याचाच विचार करून ही साधने बनवली गेली. गिरणीमालकालाही मजुराचे तासच हवे असत. पण तो थोडीबहुत मजुरी तरी देई. येथे मुलांचे तास जातात, ते जाहिरातदारांना विकले जातात, आणि मजुरी शून्य!

अशा यंत्रापुढे एकट्या पोराला उभे करून "मन घट्ट कर" असे सांगणे म्हणजे एका कामगाराला एकट्याने संपावर पाठवण्यासारखे आहे. एकट्याचा संप टिकत नाही. सगळे मित्र फोनवर असताना एकच मुलगा बाहेर राहिला, तर तो सोबत्यांतून तुटतो. म्हणून उपाय करायचा तो मिळून करायचा.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 साली रविवारची सुटी मिळवली. त्यांनी कामगारांना "गिरणी सोडा" असे सांगितले नाही. विसाव्याचा दिवस ठरवून घ्या, असे सांगितले. आज शाळेचा अभ्यासही फोनवरच येतो. तेव्हा फोन फेकून देणे शक्य नाही; त्याचे तास ठरवणे शक्य आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ते करून दाखवले. 2022 सालच्या ऑगस्टमध्ये गावातील महिलांच्या सभेत विचार झाला आणि नियम ठरला: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. मुलांनी त्या वेळात अभ्यास करावा, घरच्यांशी बोलावे. ही बातमी वाचून माझे डोळे भरून आले. आमच्या परळच्या चाळीत भोंगा झाला की माणसे कामाला धावत. हा भोंगा माणसांना मोकळे करणारा! त्याचे खरे बळ आवाजात नव्हते. तो लहानथोर सर्वांना सारखाच लागू होता, यात होते.

आम्हीही घरी करार केला. त्याची आई लवाद म्हणून बसली. कलमे चारच. रात्री साडेनऊनंतर सर्वांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. झोपायच्या खोलीत एकही नाही. जेवताना कोणाचाही फोन ताटाजवळ नाही. निरोपांच्या घंट्या बंद. आणि चौथे कलम मुलाने घातले: रविवारी सकाळी बाबांनी त्याच्याबरोबर क्रिकेट खेळायला यायचे. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. वेळ काढून घेतला आणि त्या जागी काही दिले नाही, तर ती पोकळी फोनच भरतो. त्याच्या तीन मित्रांच्या घरीही आम्ही हाच करार नेला. पहिला आठवडा कठीण गेला. चिडचिड झाली, दारे आपटली. पण करार पहिल्यांदा मोडला तो मीच, युनियनचा फोन आला म्हणून. दंड म्हणून आठ दिवस भांडी घासली. त्या दिवसापासून मुलाचा करारावर विश्वास बसला. आजही तो अधूनमधून घसरतो. पण आता आम्ही त्यावर बोलतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मुलाने जेवणझोप सोडली, शाळा टाकली, खेळ सोडून सतत उदास राहू लागला, तर तो करारापलीकडचा प्रश्न आहे. कधी फोन हे दुखणे नसते. घरातले भांडण, शाळेतला छळ, एकटेपणा यांपासून पळण्याची ती वाट असते. जागतिक आरोग्य संघटनेने अनावर गेमिंगला आजार म्हणून मान्यता दिली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2014 साली यासाठी खास उपचार केंद्र काढले. सरकारची टेली मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली?

मित्रहो, आपल्या मुलामुलींना पोलीस नको आहे, सोबती हवा आहे. आज घरी गेल्यावर त्यांच्या हातातला फोन मागू नका. आधी आपला खाली ठेवा, त्यांच्यासमोर बसा, आणि विचारा: "बोल, तुझ्या मागण्या काय आहेत?"