मालक बदलला, मुकादम तोच

आजचा विषय जरा लांबून, म्हणजे थेट रशियातून सुरू करतोय. हेडफोन काढू नका, पाचच मिनिटांत आपण परळी-धारूरला पोचतोय.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन मोडलं. कारखाने सगळे सरकारी, ते विकायचे कुणाला? मग १९९२ च्या ऑक्टोबरपासून रशियात माणशी १०,००० रुबलचं एक व्हाउचर वाटलं गेलं, अगदी तान्ह्या पोरालासुद्धा. हे द्या, कारखान्याचे शेअर घ्या, तुम्ही मालक! पण महागाई अशी भडकली की त्या कागदाची किंमत उरली नाही. कित्येकांनी ते किरकोळ पैशांत विकलं, कुणी दारूच्या बाटलीवर. गोळा केलं मॅनेजर लोकांनी आणि दलालांनी. कामगारांचं काय झालं? बऱ्याच ठिकाणी नोकरी गेली नाही, पण पगार महिनोन् महिने थांबला. १९९८ मध्ये खाणकामगार रुळांवर जाऊन बसले, मॉस्कोत डोक्यावरची हेल्मेटं दगडावर आपटत राहिले. मागणी काय, तर केलेल्या कामाचे पैसे द्या.

आता आपल्याकडे या. आपल्याकडं कम्युनिझम कधी नव्हता, पण सहकार होता. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी जे उभं केलं, त्यात कल्पना हीच होती की ऊस पिकवणारा तोच कारखान्याचा मालक. सरकारनं भागभांडवल घातलं, कर्जाला हमी दिली. आपल्या बीडमध्येही अंबाजोगाई, तेलगाव, गढी, पांगरी इथं सहकारी कारखाने उभे राहिले.

मग कर्ज थकली. काही दुष्काळामुळे, काही कारभारामुळे, आणि काही ठिकाणी दोन्हीमुळे. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता तारण विकायची मुभा दिली, आणि राज्य सहकारी बँकेनं राज्यातले बरेच कारखाने विकायला काढले. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं या बँकेचं संचालक मंडळच बरखास्त केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याच बँकेच्या कारभाराबद्दल गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्या तपासाची गोष्ट एका भागात मावणारी नाही, म्हणून इथंच सोडतो.

आमच्या घरी ट्रंकेत आजोबांच्या नावाचा एक शेअर दाखला आहे. कारखान्याचं नाव घेत नाही. लिलाव होतो तेव्हा जमीन, यंत्रं, गाळपाचा परवाना खरेदीदाराकडं जातो. संस्था मागं राहते, उरलेल्या देण्यांसकट, कागदावर. आणि शेअर त्या संस्थेचा असतो, यंत्रांचा नाही. रशियातल्या माणसाला निदान बाटली तरी मिळाली, असं मी आजीला म्हणालो, तर ती म्हणाली, ‘तुझ्या आजोबाला चहा बी चालत नव्हता, बाटलीचं काय घिऊन बसलास!’

पण खरा मुद्दा पुढं आहे. कारखान्यातल्या कायम कामगाराला हातात काहीतरी होतं : पगारपत्रक, पीएफ, युनियन. कारखाना बंद पडला की त्याचा पगार थकतो, तो गेटवर बसतो. म्हणजे त्याच्याकडं बसायला गेट तरी आहे.

ऊसतोड कामगाराला ते गेटही नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून गावंच्या गावं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो, कारखाना पैसे देतो वाहतूक ठेकेदाराला किंवा मुकादमाला, आणि माणूस फडात ऊस तोडतो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. हे सहकारी कारखान्यातही असंच होतं आणि खासगीतही असंच आहे. म्हणून खासगीकरणानं कामगाराचं काय झालं, असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न टाकतो : कुठल्या कामगाराचं?

हिशोब करून बघू. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि संघटनांत करार झाला, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानं १ लाख उचल घेतली असेल, तर ती फेडायला २७३ टन ऊस तोडायचा. दिवसाला दोन टन धरले तरी १३६ दिवस. म्हणजे जवळपास अख्खा हंगाम, आणि तेही एकही दिवस आजारी न पडता. आजारी पडला की खाडा, आणि खाड्याला दंड. वाडं विकून जे मिळेल तो रोजचा खर्च. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर.

या खाड्याचा सगळ्यात वाईट अर्थ बायकांच्या वाट्याला आला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्याची आकडेवारी आली : ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. फडात पाणी नाही, संडास नाही, विश्रांती नाही, आणि पाळीचा एक दिवससुद्धा पैशात मोजला जातो, त्याचं हे गणित. कारखाना म्हणतो, कामगार आमचे नाहीत. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसं आणतो.

करार होतो तो दराचा. नोकरी कुणाची, अपघात झाला तर जबाबदार कोण, हे त्यात पक्कं होत नाही. मला विचाराल तर दरवाढीपेक्षा हजेरीपटावरचं नाव मोठं आहे, आणि कदाचित म्हणूनच ते लिहिलं जात नाही.

हार्वेस्टर यंत्रं आता फडात उतरलीत, त्याबद्दल पुढच्या भागात. त्यासाठी एक मदत करा. तुमच्या घरी उचलीची वही असेल, तर त्या पानावर आकडा कुणी लिहिला आणि सही कुणाची होती, तेवढं व्हॉइस नोटवर सांगा. नाव नाही सांगितलं तरी चालेल.