उपासना चालवणारीचं घर
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय बाई, सर, शेवटच्या रांगेत बसलेले आपले शिपाईमामा (पुढं या म्हटलं तरी ते येणार नाहीत), आणि माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'संगणक अभियंता' असं छापलंय. ते खरं आहे. सोमवार ते शुक्रवार मी गोरेगावच्या एका कंपनीत बँकांसाठीच्या प्रणालींवर काम करते, आणि त्याबद्दल मी पंधरा मिनिटं बोलले तर चहा यायच्या आधी तुम्ही झोपाल. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी माझ्या दुसऱ्या कामाबद्दल बोलणार आहे. बिनपगारी काम. गेली बारा वर्षं आमच्या मराठी मंडळीत दर रविवारी उपासनेतलं गायन मी चालवते.

'मंडळी' म्हणजे चर्च. हे आधीच सांगते, कारण शाळेत असताना दहा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, 'तुम्ही गोव्याचे का गं?' नाही रे बाबांनो. आम्ही नगरचे. आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती, आणि घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. दिंडोशीत बाबा बेस्टच्या नोकरीमुळे आले. इथल्या जुन्या गावठाणांतले ईस्ट इंडियन वेगळे, ते कॅथलिक, त्यांची स्वतःची मराठी बोली आहे. वसईचे आणखी वेगळे. आमच्याकडे नाताळला केकच्या आधी करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे होतात, हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, कारण ते डबे तुम्हीच फस्त केलेत.

आता काम काय असतं ते सांगते. शुक्रवारी रात्री पाच-सहा गीतं निवडायची. पाळकांचा उपदेश कुठल्या उताऱ्यावर आहे ते विचारून घ्यायचं, म्हणजे ते दुःखाबद्दल बोलतायत आणि आम्ही टाळ कुटतोय असं होत नाही. मग पट्टी. काळी एकवर बायकांना खाली जातं, पांढरी पाचवर पुरुषांचा आवाज फाटतो. मध्ये पांढरी तीन-चारवर कुठंतरी सगळ्यांची गाठ पडते. पेटीवर माझे यजमान, तबल्यावर एक रिक्षाचालक काका, ज्यांना रविवारी सकाळचं भाडं सोडावं लागतं. शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी सराव. नेमकं तेव्हाच माझ्या ऑफिसात नवीन आवृत्ती सोडायची असते, त्यामुळे मांडीवर लॅपटॉप आणि समोर वही, असं बऱ्याचदा चालतं.

आणखी एक अडचण आहे, ती आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे. मंडळीतली मुलं इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलतात फर्डं, पण पडद्यावर देवनागरी ओळ आली की ती वाचून होईपर्यंत गाणं पुढं गेलेलं असतं. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मूळ ओळ वर, तीच रोमन अक्षरांत खाली. सगळं छान चाललं, फक्त 'ळ' अडला. रोमनमध्ये 'ळ' आणि 'ल' एकच. मुलं 'वेळ'चा 'वेल' करायला लागली आणि 'काळ'चा 'काल'. अक्षराखाली टिंब देऊन पाहिलं, टिंबाकडे कोण बघतं? शेवटी पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका आजींनी प्रश्न सोडवला. त्या 'ळ' इतक्या जोरात म्हणतात की मागच्या रांगेलाही तो चुकवायची सोय राहत नाही.

ही गीतं आली कुठून? आपल्या सगळ्यांना मराठीच्या तासाला रेव्हरंड टिळक भेटले होते. 'केवढे हे क्रौर्य' म्हणताना निम्मा वर्ग रडवेला झालेला मला आठवतो. ते नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातलं करजगाव. १८९५ च्या १० फेब्रुवारीला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी मराठी ख्रिस्ती लोक बरीचशी इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरं म्हणत. देशी चालीत गीतं आणि कीर्तनं रचणारे कृष्णराव सांगळे यांच्यासारखे लोक होते, पण टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन उपासनेच्या मध्यभागी आणून बसवलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी मंडळीत जा, त्यांचं एखादं तरी गीत झाल्याशिवाय रविवार सहसा पार पडत नाही. माझ्या वहीत तर दर पानाआड टिळक आहेत.

पण मला त्यांच्या गीतांबद्दल नव्हे, त्यांच्या घराबद्दल बोलायचंय. त्या घराची हकीकत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलीय. चार भागांत आलेलं हे पुस्तक पहिल्यांदा १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं. मराठी साहित्य म्हणून त्याचं कौतुक खूप झालंय, विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. मी ते पुस्तक वेगळ्याच कामासाठी वापरते. उपासना चालवणाऱ्या माणसाच्या घरी काय चालतं, याची मराठीत त्याहून प्रामाणिक नोंद मला मिळालेली नाही.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा बायको आणि मुलगा दत्तू बरोबर नव्हते. लक्ष्मीबाईंना ती बातमी म्हणजे आभाळ कोसळल्यासारखी होती. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. विचार करा, इकडे हा माणूस ख्रिस्तावर अभंग रचतोय, आणि तिकडे त्याची बायको कुठं आहे? पंढरपूरला, बहिणीकडे. पुढं त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण धर्म बदलून नव्हे. सोवळंओवळं, स्वयंपाकाचं वेगळेपण, सगळं बरोबर घेऊन आल्या. नवरा मिशनच्या कामात, लोकांना शिकवतोय, आणि घरात त्याच्या चुलीपाशी दोन धर्म.

टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. राग नाकावर, पैसा हातात टिकत नसे, कुणालाही न सांगता जेवायला घेऊन यायचे. लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, पण जेवण कुणी केलं असेल ते वाचताना कळतंच. अशा तापट माणसानं एका बाबतीत मात्र घाई केली नाही. बायकोच्या विश्वासाची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उठला तो जातिभेदाचा. हे भेद देवानं केले की माणसांनी? त्याचं उत्तर त्यांनी स्वतःशीच काढलं, आणि एकदा काढल्यावर कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. त्यानंतर १९०० साली, म्हणजे नवऱ्याच्या पाच वर्षांनी, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पाच वर्षं. आपण वाचताना दोन प्रकरणांत ओलांडतो. मला हल्ली ती पाच वर्षं रोज मोजावीशी वाटतात, आणि त्याचं कारण माझ्याच घरात आहे.

माझी मुलगी बारावीत आहे. तिनं परवानगी दिलीय म्हणूनच हे बोलतेय, आणि 'जास्त रंगवू नकोस' अशी अटही घातलीय. लहानपणापासून ती माझ्या शेजारी उभी राहून गायची. आवाज माझ्यापेक्षा चांगला. मागच्या वर्षी क्लासच्या चाचण्या रविवारी सकाळी सुरू झाल्या, तेव्हा मला वाटलं हे तेवढंच आहे. तसं नव्हतं. एका शनिवारी सरावानंतर ताटं घेता घेता ती म्हणाली, 'आई, गाणी मला आवडतात. पण जे मला खरं वाटतंय की नाही हेच कळत नाही, ते लोकांसमोर उभी राहून मी नाही म्हणणार.' यजमानांनी पेटीचा भाता बंद केला. सासूबाई म्हणाल्या, 'आधी जेवून घ्या.' त्या वेळी ते वाक्य फार उपयोगाचं ठरलं.

मंडळीत ते कळायला दोन रविवार लागले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला प्रेमानंच आठवण करून दिली की पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पुढाऱ्यासाठी अट आहे, त्याला स्वतःचं घर नीट चालवता आलं पाहिजे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी पंचांपुढं बसले आणि सांगितलं, गायन दुसऱ्या कुणाकडे द्यायचं असेल तर द्या, पण मुलीला मी हाताला धरून समोर उभी करणार नाही. आणि मग मी टिळकांचं घर सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. ज्यांची गीतं आपण शंभर वर्षं म्हणतोय, त्यांच्या घरी त्यातलं एकही गीत म्हणायला त्यांची बायको तयार नव्हती, अशी वर्षं होती. त्या वर्षांत त्यांना कुणी गप्प बसवलं असतं तर? आणि त्यांनी तिला बळजबरी केली असती तर आपल्याला लक्ष्मीबाई कुठून मिळाल्या असत्या? टिळक १९१९ साली गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, थोडीच प्रकरणं झाली होती. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लिहिण्यावाचण्याचे धडे नवऱ्यापासून घ्यावे लागले होते, त्यांनी.

पंचांनी काम माझ्याकडेच ठेवलं. ते गृहस्थ अजून मला रविवारी 'जय ख्रिस्त' करतात, जरा तुटक करतात, पण करतात.

तुमच्यापैकी काहींच्या घरी उलटं आहे, मला ठाऊक आहे. आईवडील काही मानत नाहीत आणि मुलगा वारीला निघालाय. एकीनं मघाशी चहाच्या रांगेत सांगितलं, घरात गणपती बसवायचा की नाही यावरून नवराबायकोत दोन वर्षं अबोला आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. माझं रोजचं काम अशा यंत्रांशी आहे जिथं चूक कुठं आहे ते नोंदवहीत ओळीनिशी सापडतं. घरात तशी नोंदवही नसते, आणि मुलगी म्हणजे दुरुस्त करायची चूकही नव्हे.

आमच्याकडे सध्या चाललंय ते असं. रविवारी सकाळी सहाला मी उठते, चिकनला मसाला लावून ठेवते. मुलगी क्लासला निघते, मी आणि यजमान पेटी घेऊन रिक्षात. फिल्म सिटी रोडवर रविवारीही वाहनांची रांग असते, त्या वेळात मी मनात पहिल्या गीताची पट्टी धरून ठेवते. दुपारी एकला सगळे जेवायला एकत्र. जेवणाआधी प्रार्थना होते, ती डोळे मिटत नाही, पण थांबते. कधी विचारते, 'आज काय म्हटलंत?' मी सांगते. कधी त्यातला एखादा शब्द तिला अडतो आणि आम्ही अर्धा तास त्यावर भांडतो. ही भांडणं मला आवडतात. गेल्या महिन्यात माझ्या प्रोग्राममधला 'ळ' तिनंच नीट केला. रोमन ओळीत जिथं जिथं तो येतो तिथं फक्त ते एक अक्षर देवनागरीत, लाल रंगात. मुलं आता लाल दिसलं की जीभ वळवतात. पहिल्या रांगेतल्या आजी थोड्या नाराज आहेत.

ती गाईल का, हे मला अनेक जण विचारतात. मी तिला विचारत नाही. बारावीची परीक्षा होऊ दे, तिचं वय होऊ दे. घरात गीतांची वही उघडीच असते, आणि पेटीला कुलूप नाही.

शेवटचं एक, मग चहा. आपल्या वेळी शाळेच्या ग्रंथालयात 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत होती, तिची सुरुवातीची पानं कुणीतरी फाडलेली. मी ते पुस्तक पंचविसाव्या पानापासून वाचलं, आणि पुढं अनेक वर्षं मला वाटत होतं ते तिथूनच सुरू होतं. आज अख्खी प्रत आणलीय. बाई, तुम्ही ती स्वीकारावी. एकच विनंती, काचेच्या कपाटात ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. फाटली तर फाटू दे, मी दुसरी आणून देईन.