आजीचा प्रश्न आणि कोळशातला गंधक



मी साहित्याचा माणूस. कोळशाच्या रसायनाकडे वळलो ते एका विद्यार्थिनीमुळे. तिचे वडील आमच्या तेलंगणात, गोदावरीच्या खोऱ्यातील कोळसा खाणीत कामाला. घरात मराठी. ती अभ्यास मोठ्याने वाचत असताना आजीने विचारले, "कोळसा झाडांचा झाला म्हणतेस, मग त्यात गंधक आला कुठून?" उत्तर तिला इंग्रजीत पाठ होते, मराठीत सांगता येईना. ती माझ्याकडे आली.

'गंधक', 'नत्र' हे शब्द कोशात होते. त्यांची वाक्ये आम्हाला जुळवावी लागली. ती अशी :

नत्र मुख्यतः झाडाचे स्वतःचे. प्रथिनांत आणि पानांतील हरितद्रव्यात ते असते. झाड दलदलीत पडले, कुजले, गाडले गेले. दाबाने व उष्णतेने मूळचे रेणू मोडले, पण काही नत्र कार्बनच्या कड्यांत अडकून राहिले. बहुतेक कोळशांत ते १ ते २ टक्के सापडते.

गंधकही थोडा झाडाच्या प्रथिनांतला असतो. जास्तीचा येतो तो पाण्यातून. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. ते पाणी दलदलीत शिरले, की प्राणवायूविना जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. त्याला लोह भेटले तर सोनेरी चकाकीचे पायराइट तयार होते. लोह अपुरे पडले, तर गंधक कुजणाऱ्या वनस्पतिद्रव्याशीच जोडला जातो.

आमच्या खोऱ्यातील कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, गोड्या पाण्याच्या दलदलीतला. त्यात गंधक सहसा १ टक्क्याहून कमी. आसामातील माकुमच्या कोळशावर मात्र समुद्राच्या पाण्याचा परिणाम झालेला आहे. त्यात गंधक पुष्कळ अधिक, आणि बराचसा वनस्पतिद्रव्याशी जोडलेला; म्हणून कोळसा धुऊनही तो निघत नाही.

मित्रहो, महाराष्ट्राबाहेर आपली बहुतेक मुले विज्ञान इंग्रजीतच शिकणार. पण शिकलेले घरी सांगता आले नाही, तर मराठी फक्त जेवणखाणापुरती उरेल. परिभाषाकोश हवेतच, त्यांतील शब्द वापरून कारणे सांगण्याचा सराव आपण वर्गात करून घ्यायला हवा.

आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग जाळल्यावर तो गंधक जातो कुठे?" मुलगी सध्या त्याचे उत्तर लिहीत आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासतो.