संवेदनक्षम मूल आणि शाळेचे वातावरण



वर्गातील दोन मुलांना एकच कठोर शब्द ऐकावा लागतो. एक मूल तो मधल्या सुट्टीतच विसरते; दुसरे दोन दिवस शाळेत पाऊल टाकीत नाही. अशा मुलास ‘दुबळे’ म्हणण्याचा प्रघात आहे. मानसशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय अपुरा होय.

१९९७ साली मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी असे प्रतिपादन केले की, काही मुले परिस्थितीचा परिणाम इतरांहून अधिक ग्रहण करतात, आणि ही ग्रहणशीलता दुहेरी असते. जाचाने जे मूल अधिक खचते, तेच मूल आधार मिळताच अधिक फुलते. शेतीतील दाखला घ्यावयाचा, तर गावरान ज्वारी हलक्या रानातही तग धरते. परंतु खतपाणी वाढविले तरी तिचे उत्पन्न बेताचेच वाढते. संकरित वाण आबाळ झाल्यास लवकर मान टाकते, पण निगा राखल्यास कणसे भरघोस येतात.

ही ग्रहणशीलता काही अंशी उपजत असते. ब्रिटनमधील जुळ्या किशोरांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संवेदनक्षमतेबाबत मुलामुलांत दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे ४७ टक्के जनुकांशी निगडित आढळले; उरलेले परिस्थितीशी. प्रारंभी एखाद्याच जनुकास याचे कारण मानले गेले. पुढील मोठ्या पाहण्यांत ते मत टिकले नाही. अनेक जनुकांचे अल्प अल्प परिणाम येथे एकत्र येतात, असे आता मानले जाते. सबब रक्ततपासणीने असे मूल ओळखता येत नाही.

शाळेच्या दृष्टीने आणखी एक प्रयोग महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील एका गरीब वस्तीतील शाळेत सुमारे अकरा वर्षांच्या मुलींना मनोधैर्याचे धडे देण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अधिक संवेदनक्षम मुलींमधील खिन्नतेची लक्षणे घटली. कमी संवेदनक्षम मुलींत मात्र फरक पडला नाही.

तात्पर्य, जनुके शिक्षकाच्या हाती नाहीत; वर्गातील वातावरण मात्र बव्हंशी त्याच्याच हाती आहे. चूक चारचौघांत न दाखविता एकांतात समजावावी. शाबासकी देताना नेमके काय साधले ते सांगावे. बुजऱ्या मुलास फळ्यापुढे एकदम उभे न करता आधी शेजाऱ्यास धडा वाचून दाखवू द्यावा. ‘संवेदनक्षम’ हा नवा शिक्का मात्र कोणाच्याही कपाळी मारू नये. घरी आबाळ होणाऱ्या मुलास आधाराची जागा बहुधा शाळा हीच असते. आणि त्या आधाराचे सर्वांत अधिक चीज करणारे मूल पुष्कळदा शेवटच्या रांगेत, मान खाली घालून बसलेले असते.